सव्वा लाखाचा पगार, मग खात्यात कमी का?

प्रश्न : आमचा मुलगा संभाजीनगरच्या एसपीआयमधून एनडीएत गेला आणि आता डेहराडूनहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडला. पगार सव्वा लाखाच्या घरात आणि राहणं-खाणं सरकारी, असं जो तो सांगतो. पण पहिल्या महिन्यात खात्यात फारच कमी पैसे आले आणि नंतर एकदम मोठी रक्कम जमा झाली. पाहुणे म्हणतात, गाडी घ्या. कुणी समृद्धीलगतचा प्लॉट दाखवतं. विम्याचे एजंट घरी चकरा मारतात. मला वाटतं, आधी सोसायटीचं पीककर्ज फेडून टाकावं. मुलाला विचारलं तर म्हणतो, "बाबा, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच ठरवा." नेमकं काय करावं?
– एक वाचक, वैजापूर तालुका

उत्तर : सर्वप्रथम तुमच्या घराचे अभिनंदन. राज्य सरकारने १९७७ साली तेव्हाच्या औरंगाबादेत ही सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे आपण म्हणतो ती एसपीआय, सुरू केली. तिच्यामुळे मराठी शेतकऱ्यांची, शिक्षकांची, एसटी कर्मचाऱ्यांची मुले अधिकारी होऊ लागली. अशा घरात महिन्याला लाखाच्या पुढे पगार पहिल्यांदाच येत असतो. त्यामुळे तुमच्यासारखी पत्रे आम्हाला येतात आणि ती यावीतच. तुमच्या पत्रात खरे तर दोन कोडी आहेत. पगार कागदावर एक आणि खात्यात दुसराच का, हे पहिले. आलेल्या पैशाला आधी कोणती वाट दाखवायची, हे दुसरे. पहिले सुटले की दुसरे सोपे होते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सव्वा लाख हा आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो. त्याला १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे जोडला जातो. हा लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत सर्वांना सारखाच असतो. दोन्ही मिळून ७१,६०० झाले. महागाई भत्ता या दोन्हींच्या बेरजेवर मिळतो, नुसत्या मूळ पगारावर नाही. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरला तर तो ४१,५२८ रुपये होतो. एकूण झाले १,१३,१२८. यात वाहतूक भत्ता आणि नेमणुकीच्या जागेप्रमाणे मिळणारे भत्ते मिळवले की सव्वा लाखाचा आकडा तयार होतो. हे सर्व सातव्या आयोगाचे हिशेब आहेत. आठव्या आयोगाची वेतनश्रेणी लागू झाली की आकडे बदलतील, पगाराची बांधणी मात्र बहुतांशी अशीच राहील.

आता पहिल्या महिन्यात पैसे कमी का आले ते पाहू. सैन्यदलातील, म्हणजे आर्मीतील, सर्व अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्यात गोळीबार मैदानाजवळच्या एका कार्यालयात ठेवला जातो. संरक्षण लेखा विभागाचे हे कार्यालय पीसीडीए (ओ) या नावाने ओळखले जाते. अधिकारी सियाचिनला असो की जोधपूरला, त्याची खातेवही पुण्यातच असते. डेहराडूनचे दीक्षान्त संचलन जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होते, तेही महिन्याच्या मधेच. त्यामुळे त्या महिन्याचा अधिकारी म्हणून पगार थोड्याच दिवसांचा निघतो. त्यात नव्या अधिकाऱ्याची कागदपत्रे पुण्याला पोहोचून खाते पुरते मार्गी लागेपर्यंत एक-दोन महिने पगार अर्धवट येऊ शकतो. यात कुणी पैसे खाल्ले असे समजू नका. राहिलेली बाकी पुढे जमा होते.

नंतर आलेली मोठी रक्कम पाहून बऱ्याच घरांची फसगत होते. डेहराडूनच्या प्रशिक्षणकाळात मुलाला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळत होते. कमिशन मिळाल्यानंतर त्या काळातले देय भत्ते थकबाकी म्हणून एकदम दिले जातात. वर्षभराच्या विद्यावेतनावरचा महागाई भत्ता हीच रक्कम लाखांत जाते. घरच्यांना वाटते, पोराचा पगारच इतका आहे. पाहुण्यांमध्ये तोच आकडा फिरतो आणि त्या आकड्यावर गाडीचे मॉडेल ठरते. ही रक्कम एकदाच येते, पुढच्या महिन्यात येत नाही. शिवाय ती ज्या वर्षी मिळते त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते, म्हणून कराचा बोजाही त्याच वर्षी वाढतो. मागच्या वर्षाची थकबाकी या वर्षी मिळाल्याने जास्त बसलेला कर कमी करून घेण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी एक वेगळा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, आजवर तो १०-ई या नावाने ओळखला जात आला आहे. अनेक तरुण अधिकारी तो भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. तुमच्या मुलाला हे आजच फोन करून सांगा.

कराचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमजही दूर करू. बारा लाखांपर्यंत कर नाही, हे आपण ऐकतो आणि ते खरे आहे. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. पण वरचा हिशेब बारा महिन्यांनी गुणा. वाहतूक भत्ता धरून उत्पन्न सव्वाचौदा लाखांच्या आसपास जाते. म्हणजे तुमचा मुलगा त्या मर्यादेच्या पुढे आहे आणि महिन्याला साधारण सात हजार रुपये करात कापले जाणार.

कापला जाणारा दुसरा पैसा आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा. हा फंड १९७६ पासून चालू आहे. या वर्गणीकडे नुसती कपात म्हणून पाहू नका. तिचा एक भाग जोखमीच्या विम्यासाठी जातो आणि उरलेला बचत म्हणून साठतो. ती बचत निवृत्तीच्या वेळी बोनससह परत मिळते. नोकरीत असताना काही बरेवाईट झाले तर कुटुंबाला मोठी रक्कम मिळते, मग मृत्यू लढाईत होवो की आजाराने.

तिसरी कपात डीएसओपी फंडाची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची. मला तुमच्या मुलाशी सर्वांत जास्त बोलायचे आहे ते या फंडाविषयी. किमान वर्गणी ठरलेली असते, त्याहून जास्त किती टाकायची हे अधिकारी स्वतः ठरवतो. एप्रिल २०२० पासून यावर ७.१ टक्के व्याज मिळत आले आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या वर्गणीवरच्या व्याजावर कर नाही. समजा, मुलाने आजपासून दरमहा २० हजार रुपये इथे वळवले. हाच दर कायम राहिला असे धरले तर २० वर्षांत त्याचे ४८ लाख रुपये भरले जातील आणि जमा रक्कम एक कोटीच्या थोडी वर जाईल. यासाठी ना एजंट लागतो, ना मोबाइलवर रोज भाव पाहावे लागतात. पगार हातात पडण्याआधीच पैसा बाजूला निघतो आणि तेविसाव्या वर्षी ही फार मोठी मदत असते. मध्येच घरबांधणी, लग्न, आजारपण अशी गरज आली तर नियमांप्रमाणे आगाऊ किंवा कायमची रक्कम काढता येते. फक्त एक लक्षात ठेवा. डीएसओपीत पैसे टाकले की कर वाचतो, असे युनिटमधले जुने लोक सांगतात. ते जुन्या करप्रणालीला लागू होते. नव्या प्रणालीत ती वजावट नाही. तरीही व्याजाचा दर, सुरक्षितता आणि करमुक्त व्याज यांमुळे माझे मत बदलत नाही.

"पोराला खर्चच काय आहे?" हे वाक्य तुमच्या घरी रोज कुणीतरी म्हणत असणार. रेशन आणि राहायची खोली मिळते, हे खरे. पण मेसचे बिल दर महिन्याला येते. त्यात जेवणाचा वरखर्च, पाहुण्यांच्या मेजवान्यांतला वाटा, बदली होऊन जाणाऱ्यांच्या निरोपाची भेट, निरनिराळ्या फंडांच्या वर्गण्या असे बरेच काही असते. ते किती येईल हे युनिटवर आणि त्या महिन्यातल्या कार्यक्रमांवर अवलंबून असते. नव्या अधिकाऱ्याला आपल्या रेजिमेंटप्रमाणे समारंभाचे आणि मेसमधले गणवेश शिवून घ्यावे लागतात. गणवेशासाठी वर्षातून एकदा भत्ता मिळतो, पण पहिल्या वर्षाची शिलाई आणि सामान त्यापेक्षा बरेचदा महाग पडते. रजेवर येण्याजाण्याचा, कोर्सला जाण्याचा खर्च आधी खिशातून होतो आणि प्रवासभत्त्याचा दावा नंतर मंजूर होतो. तिकिटे हरवली किंवा दावा मुदतीत पाठवला नाही तर ते पैसे बुडाले. म्हणून तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम साध्या बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवणे ही चैन नव्हे. आलेल्या थकबाकीचा पहिला उपयोग हाच.

दुसरा उपयोग कर्जफेडीचा. इथे तुमच्या मनातल्या पीककर्जाकडे वळू. हातात पैसा आला की सोसायटीचे कर्ज आधी संपवावे, ही शेतकऱ्याची चांगली सवय आहे. पण हिशेब उलटा सांगतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राच्या आणि राज्याच्या व्याज सवलती मिळून ते शून्य टक्क्याने पडते. राज्याची ही सवलत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेतून मिळते. हे कर्ज वेळेवर भरा, तारीख अजिबात चुकवू नका, कारण तारीख चुकली की सवलत जाते. पण त्याची मुदत असताना घाईने फेडून काहीच फायदा नाही. त्याऐवजी सोने गहाण असेल, मुलाच्या शिक्षणासाठी कुणाकडून शेकडा दोन रुपयांनी हातउसने घेतले असतील, तर ते आधी फेडा. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्याच्यापुढे कोणतीही गुंतवणूक टिकत नाही.

आता गाडी. समजा बँकेकडून दहा लाखांचे कर्ज घेतले, व्याज नऊ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता येतो २०,७५८ रुपये. पाच वर्षांत सुमारे साडेबारा लाख बँकेत जातील आणि गाडीची किंमत त्या काळात निम्म्यावर येईल. नव्या अधिकाऱ्याच्या पहिल्या नेमणुका बहुधा सीमेवर किंवा दूरच्या भागात असतात. गाडी तुमच्या दारात उभी राहील आणि हप्ता त्याच्या पगारातून जाईल. लष्करी कँटीनमधून घेतल्यास जीएसटीत सवलत मिळते आणि ती मोठी असते, यात शंका नाही. पण तिला गाडीच्या किमतीची मर्यादा आहे, आणि एकदा घेतल्यावर पुन्हा काही वर्षे घेता येत नाही. ती संधी तेविसाव्या वर्षी घाईत खर्च करायची की लग्नानंतर, मुले झाल्यावर, शांतपणे, हे त्यानेच ठरवावे. माझ्या मते दोन वर्षांनी तो कॅप्टन होईपर्यंत कोणताही हप्ता अंगावर घेऊ नये. दुचाकी हवी तर रोखीने घ्यावी. कर्जाचे अर्ज मंजूर व्हायला अधिकाऱ्याला अडचण कधीच येत नाही. वर्दी पाहून बँका स्वतःहून विचारतात. म्हणून नाही म्हणायला त्याने आधीच शिकायला हवे.

समृद्धीलगतचा प्लॉट हा वेगळा प्रकार. जांबरगावच्या बाजूला जमिनींचे भाव चढल्यापासून शेतजमिनीचे गुंठ्यावर तुकडे पाडून 'प्लॉट' म्हणून विकणारे वाढले आहेत. दाखवणारा कितीही जवळचा असो, आधी सातबारा पाहा, अकृषिक परवानगीचा आदेश मागा, मंजूर रेखांकन आणि रस्त्याची नोंद तपासा. यातले एक जरी नसेल, तर बयाणा देऊ नका. स्थावर मालमत्ता घेतल्याची माहिती अधिकाऱ्याला नियमानुसार खात्याला कळवावी लागते. कागद अर्धवट असलेल्या व्यवहारात त्याचे नाव अडकू देऊ नका.

विम्याच्या एजंटांबद्दल स्पष्टच सांगतो. दारात येणाऱ्या बहुतेक योजना विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या असतात. हप्ता मोठा, विमा संरक्षण छोटे, आणि वीस वर्षांनी मिळणारा परतावा बरेचदा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. त्यापेक्षा डीएसओपी चांगला, आणि तो हप्ता चुकला म्हणून बंद पडत नाही. मुलगा अविवाहित आहे, ग्रुप इन्शुरन्सचे संरक्षण त्याला आहेच. घर त्याच्यावर अवलंबून असेल तर वाढीव संरक्षणासाठी साधा मुदतीचा विमा पुरेसा. अर्जात व्यवसाय आणि नेमणूक खरी लिहावी. अपघात विम्यात युद्ध किंवा लष्करी कारवाईतील मृत्यू वगळलेला असू शकतो, म्हणून ती अट वाचावी. बँकांच्या डिफेन्स सॅलरी पॅकेज खात्यात हप्त्याविना अपघात विमा मिळतो. मुलाचे खाते त्या प्रकारात बदलले आहे का, एवढे बँकेत विचारून घ्या. आणि यापूर्वीच कुणाच्या भिडेखातर पॉलिसीवर सही झाली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. २०२४ पासून ही मुदत पंधराऐवजी तीस दिवसांची झाली आहे.

पेन्शनचा विचार आत्ताच का, असे वाटेल. पण त्यावर बचतीचे प्रमाण ठरते. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारी नोकरांना लागू झालेली नवी पेन्शन योजना सैन्यदलांना लागू नाही. तुमचा मुलगा एनडीएतून आल्यामुळे त्याचे कमिशन कायमचे आहे. वीस वर्षांच्या सेवेनंतर त्याला जुन्या पद्धतीची पेन्शन मिळू शकते. तुमच्या ओळखीत चेन्नईच्या अकादमीतून शॉर्ट सर्व्हिसवर गेलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांचे गणित वेगळे आहे. ती सेवा दहा वर्षांची, फार तर चौदा. त्यात पुढे कायम कमिशन मिळाले नाही तर पेन्शन नाही. चौतीस-पस्तीसाव्या वर्षी नवी नोकरी शोधायची असते. अशा अधिकाऱ्याने पहिल्या महिन्यापासून पगाराचा निम्मा भाग बाजूला काढला तरी तो मला जास्त वाटणार नाही.

शेअर बाजाराविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मुलाच्या मेसमध्ये तो विषय रोज निघत असेल. इंडेक्स फंडात दरमहा थोडी रक्कम लांब पल्ल्यासाठी टाकणे ठीक आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सपासून मात्र त्याला दूर ठेवा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत त्या व्यवहारांत उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी पैसे गमावले.

नामनिर्देशनाकडे आपली माणसे अशुभ म्हणून डोळेझाक करतात. डीएसओपी, ग्रुप इन्शुरन्स आणि बँक, या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे फॉर्म असतात. एका ठिकाणी भरलेला दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. आज तिथे तुमचे किंवा त्याच्या आईचे नाव असेल. लग्न झाले की ते सर्व पुन्हा भरायचे आणि लग्नाची नोंद युनिटमार्फत सेवेच्या कागदपत्रांत करून घ्यायची. नाहीतर पुढे सून आणि सासरचे यांच्यात जे वाद उभे राहतात, ते टाळता येण्यासारखे असतात. बँक खात्यातला नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मृत्युपत्र करायला वय फार लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मध्ये तर प्रत्यक्ष मोहिमेवर किंवा युद्धात असलेल्या सैनिकाला तोंडी मृत्युपत्र करण्याचीही मुभा आहे. पण ते मोहीम संपल्यानंतर एका महिन्यात आपोआप रद्द होते. म्हणून शांतपणे, दोन साक्षीदारांसमोर लेखी करणे केव्हाही बरे.

राहिला मुलाचा "तुम्हीच ठरवा". हे मात्र तुम्ही मान्य करू नका. पुण्याहून दर महिन्याला त्याला खात्याचे विवरण मिळते. त्यात प्रत्येक भत्ता आणि प्रत्येक कपात ओळीने दिलेली असते. ते त्यानेच वाचायला हवे, कारण चूक फक्त त्यालाच ओळखता येते. सीमेवरची नेमणूक संपून शांत ठिकाणी आला तरी जुना भत्ता काही महिने चालू राहू शकतो. ती जास्तीची रक्कम आज ना उद्या एकदम वसूल होते आणि त्या महिन्यात हातात फार थोडे पडते. असा भत्ता दिसताच त्याने पुण्याला कळवावे आणि तेवढी रक्कम खात्यात जशीच्या तशी ठेवावी. पुढच्या रजेत तो वैजापूरला आला की एक संध्याकाळ काढा, ते विवरण पुढ्यात घ्या आणि प्रत्येक ओळ कशाची आहे हे त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा.

तो दरमहा घरी पैसे पाठवत असेल तर त्यावर तुम्हाला कर लागत नाही, मुलाने आईवडिलांना दिलेली रक्कम करमुक्त असते. त्या पैशाची ठेव तुमच्या नावावर केली तर व्याज मात्र तुमचे उत्पन्न धरले जाते. रक्कम बँकेतूनच पाठवायला सांगा, हाती रोख नको.